बोटीवरचं बिऱ्हाड

आमच्या पीथमपुरात समुद्र सोडून सगळं आहे. धार जिल्ह्यातलं हे गाव १९८० नंतर कारखान्यांमुळं वाढलं, आणि नोकरीच्या निमित्तानं सांगली-कोल्हापूरकडची आमच्यासारखी घरंही इथं येऊन रुजली. समुद्र फार लांब. तरी अलीकडं स्वाध्याय संपवून बायका उठल्या की गोष्टी निघतात त्या बोटीच्या सहलीच्या. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, चला क्रूझवर! माणसं चौदा. एजंटनं दिलेल्या कागदावर खोल्या तीन तऱ्हेच्या: बिनखिडकीची, खिडकीची आणि गॅलरीची. पुरुषमंडळी दर बघतात, मुलं गॅलरी बघतात. कोण कुणाजवळ झोपणार, हे मात्र बाईला बघावं लागतं. हा प्रश्न एजंटच्या कागदापेक्षा फार जुना आहे.

आपल्या मराठी माणसाची बोट म्हणजे कोकणची आगबोट. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईहून दक्षिणेकडं या बोटी जायच्या. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पुढं पणजी. खोल्या मोजक्या, त्या पैसेवाल्यांच्या. बाकीचे डेकवर. घरातला एखादा चपळ माणूस आधी चढायचा, सतरंजी पसरायचा आणि जागा धरायचा. त्या सतरंजीवरच बिऱ्हाड मांडायचं. ट्रंका आणि वळकट्या कडेला लावून भिंत करायची, मध्ये पोरं. इंजिनाजवळ उकाडा, कठड्याजवळ वारा आणि पाण्याचे शिंतोडे. ज्याला बोट लागायची त्याला कडेला जागा, लिंबू हाताशी. बऱ्याच बंदरांत बोट किनाऱ्याला लागायचीच नाही. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून ने-आण व्हायची. कडेवर मूल घेऊन हलत्या होडीतून बोटीवर पाय टाकणाऱ्या त्या बायकांचा विचार केला की आपली लिफ्टची तक्रार लाजते.

ही वाट सोपीही नव्हती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत. आपले साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात, तसा समुद्रही लोकांना घरी थांबवायचा. शेवटी शेवटी ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी होत्या. त्याही गेल्या. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला आणि डेकवरची सतरंजी गोष्टीतच राहिली.

आता सतरंजीवरून थोडं दूर जाऊ, कारण खोल्या वाटण्याचा इतिहास दूरच्या बोटींवर जास्त स्पष्ट दिसतो. १९०२ मध्ये जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकाला निघाले. धर्म सांभाळायचा होता, म्हणून त्यांनी ‘ऑलिंपिया’ ही नवी कोरी बोट भाड्यानं घेतली. देवासाठी बोटीवर वेगळी जागा केली आणि गंगाजल चांदीच्या अजस्र घड्यांतून नेलं. त्यांतले दोन घडे आजही जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आहेत, एकेकाचं वजन ३४५ किलो. आपल्याला हसू येईल, पण त्यामागचा हिशोब बघा. आधी देव, मग पाणी, मग स्वयंपाक आणि नंतर माणसांची सोय. घरात ज्याला मान, त्याला बोटीवर जागा.

ज्यांना मान नव्हता त्यांची जागाही ठरलेलीच होती. १८३४ पासून गिरमिटाच्या मजुरीसाठी आपली माणसं मॉरिशसला जाऊ लागली; मुंबई बंदरातून मराठी घरंही गेली आणि त्यांचे वंशज आजही तिथं गणपती बसवतात. पुढं वेस्ट इंडीजला जाणाऱ्या लांबच्या बोटींवर तर नियमच होता. एकटे पुरुष पुढच्या टोकाला, नवरा-बायको आणि मुलं मधे, एकट्या बायका मागच्या टोकाला. सुरक्षिततेसाठी, असं सांगत. पण त्या बाईला कुठं झोपायचंय, हे तिला कोण विचारणार?

‘टायटॅनिक’वर १९१२ मध्ये तिसऱ्या वर्गाची मांडणी जवळपास अशीच होती. एकटे पुरुष पुढं, कुटुंबं आणि एकट्या बायका मागं, तळाकडच्या मजल्यांवर. जीव वाचवणाऱ्या होड्या मात्र अगदी वरच्या डेकवर. ब्रिटिश चौकशीतले आकडे असे: पहिल्या वर्गातल्या १४४ बायकांपैकी ४ गेल्या, तिसऱ्या वर्गातल्या १६५ पैकी ८९. बायका-मुलं आधी, हा हुकूम सगळ्यांसाठी एकच होता. पण खोलीपासून होडीपर्यंतचं अंतर सारखं नव्हतं.

आपल्या जैन घरांत तर बोटीवर चढावं का, इथूनच वाद होता. १८९३ मध्ये वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले तेव्हा समुद्र ओलांडल्याबद्दल समाजात केवढी खळबळ उडाली! आता तो प्रश्न उरला नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ आली, २०२१ मध्ये मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ सुरू झाली. आता बोटीवर जैन जेवणही मागता येतं; फक्त ते सूर्यास्ताआधी मिळेल का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यायचं.

म्हणजे देवाची आणि जेवणाची सोय झाली. राहिली ती एकटी बाई.

तिला तुम्ही ओळखता. प्रत्येक मोठ्या घरात ती असते. विधवा काकू, बिनलग्नाची आत्या, माहेरी परतलेली नणंद. बोटीचं भाडं एका खोलीत दोघं असं धरून ठरवलेलं असतं. एकट्यानं खोली घेतली तर जवळजवळ दोघांचे पैसे पडतात. उलट त्याच खोलीत तिसरं-चौथं माणूस स्वस्तात मावतं. म्हणून चौदा जणांची यादी करताना सगळ्यांच्या जोड्या लागतात आणि काकूंचं नाव शेवटी कुणाच्या तरी खोलीत तिसरं म्हणून लिहिलं जातं. तिसरा पलंग बहुधा भिंतीतून उघडणारा, वरचा, शिडीचा. सत्तरीच्या बाईनं रात्री दोनदा उठून ती शिडी उतरायची? नाहीतर पुतण्याच्या खोलीत अंग चोरून पडायचं? ‘काकूंचं काय, त्या कुठंही ॲडजस्ट होतात,’ हे वाक्य आपण किती प्रेमानं म्हणतो! डेकवर ट्रंकांच्या कडेला, सामान राखायला बसवलेली म्हातारी तीच होती.

म्हणून यादी करायची तर उलट्या टोकानं करावी. आधी काकू. त्यांना खालचा पलंग, आणि सोबत त्या निवडतील ती. बहुधा कॉलेजातली नात निघेल. मग म्हातारी जोडी. बोटीच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात, लिफ्ट जवळ असली की झालं. त्यांना रात्रीची गोळी देणारं माणूस शेजारच्या खोलीत, चार मजले वर नाही. तान्ह्या बाळाच्या आईला खिडकी द्यावी, कारण दिवसाचा अर्धा वेळ ती खोलीतच असणार. धावऱ्या पोरांना गॅलरी नको. बिनखिडकीच्या खोल्या तरण्या मुलांना. ती खोलीत फक्त झोपायला येतात. एवढं झाल्यावर पैसे उरले तर गॅलरी घ्या, आणि संध्याकाळी सगळे तिथं बसा.

यात चार पैसे जास्त जातीलही. पण कुणाला कुठं झोपवलं, यावरून घर कळतं. महाराजांच्या बोटीवर पहिली जागा देवाची होती. आपण निदान पहिला प्रश्न काकूंना विचारावा: तुम्हाला कुठं बरं वाटेल? कदाचित इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलेलंच नसेल. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. तेवढं थांबावं.