नऊशे कबरी आणि एक रांग

उत्खननात सर्वांत जास्त काय सापडते? सोने नव्हे, खापरे! भाजलेली माती कुजत नाही आणि फुटके मडके कुणी जपून ठेवत नाही. पण खापरावर साल लिहिलेले नसते. मग त्याचे वय कसे ओळखायचे?

1894-95 साली इजिप्तमधील नकादा परिसरात फ्लिंडर्स पेट्री यांनी सुमारे दोन हजार कबरी उकरल्या. त्यांतली भांडी ओळखीची नव्हती. ती बाहेरून आलेल्या लोकांची, पिरॅमिडांनंतरच्या काळातली असावीत, असे पेट्रींनी मानले. जाक द मॉर्गन यांनी मात्र ती पहिल्या राजघराण्याच्याही आधीची ठरवली. पेट्रींची चूक हजार वर्षांहून मोठी होती. पुढे त्यांनी ती मान्य केली.

1899 साली त्यांनी नवी पद्धत मांडली. एकेका कबरीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी घेऊन तिच्यावर त्या कबरीतील भांड्यांचे प्रकार नोंदवले. अशा सुमारे 900 पट्ट्या झाल्या. सारखे प्रकार असलेल्या पट्ट्या जवळजवळ येतील अशी त्यांची रांग लावली. यात एका रांजणाची मदत झाली. त्याची नागमोडी मूठ आधी धरण्याजोगी होती, मग ती नुसती नक्षी उरली आणि शेवटी नळकांड्यासारख्या भांड्यावरची एक रेघ.

रांगेतील टप्प्यांना पेट्रींनी 30 ते 80 असे क्रमांक दिले. ही वर्षे नव्हेत, फक्त क्रम. आणखी जुने काही सापडेल म्हणून 1 ते 29 मोकळे ठेवले. 1920च्या दशकात बदारी येथे तसे खरोखरच सापडले!

1963 साली संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड केंडल यांनी या रांगेमागचे गणित मांडले. कबरीत तो प्रकार असेल तर 1, नसेल तर 0, असा तक्ता केला की रांग लावण्याचे काम संगणकाला देता येते. 2016 ते 2019 या काळात युरोपातील 'आर्केएड' प्रकल्पाने छायाचित्रावरून खापराचा प्रकार ओळखणारी प्रणाली घडवली.

पण गणिताला रांग कळते, दिशा कळत नाही. रांग उलटी केली तरी शेजारी तेच राहतात. नळकांडी भांडी पहिल्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळाली, म्हणून ते टोक अलीकडचे ठरले. प्रत्यक्ष वर्षे पुढे किरणोत्सारी कार्बनने दिली.

वर्गात करून पाहा. दहा घरांच्या दहा चिठ्ठ्या करा. कुणाकडे कंदील आणि ट्रान्झिस्टर, कुणाकडे ट्रान्झिस्टर आणि टीव्ही, कुणाकडे टीव्ही आणि मोबाइल. मुले रांग लावतील. मग विचारा, "यातले जुने टोक कोणते? आणि ते तुम्हांला कशावरून कळले?"