सिनेमाचा शोध कोणी लावला? आधी प्रश्न तपासूया

सिनेमाचा शोध कोणी लावला? सामान्यज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर तयार असतं: ल्युमिएर बंधू, २८ डिसेंबर १८९५, पॅरिस. तारीख बरोबर आहे. त्या दिवशी ग्रँड कॅफेच्या तळघरात लोकांनी पैसे मोजून १० फिल्म पाहिल्या, प्रत्येक फिल्म मिनिटभराच्याही आतली. पण तुम्हाला संशोधन करायचं असेल तर या उत्तरावर थांबू नका. त्याआधीच्या २० वर्षांत काय घडलं ते बघा.

एटिएन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्याचा प्रश्न साधा होता: प्राणी हलतो म्हणजे नेमकं काय होतं? सुरुवातीला त्याच्याकडे कॅमेरा नव्हताच. घोड्याच्या खुरांखाली तो हवेने भरलेल्या रबरी पिशव्या बसवायचा. खूर टेकला की हवेचा दाब नळीतून स्वाराच्या हातातल्या यंत्रापर्यंत जायचा आणि कागदावर रेघ उमटायची. यातून मारेने काढलेले निष्कर्ष १८७३ साली पुस्तकरूपाने आले.

इकडे अमेरिकेत लेलंड स्टॅनफर्ड या धनाढ्य घोडेशौकिनाला हाच विषय छळत होता. त्याच्या पैशावर छायाचित्रकार मायब्रिजने १८७८ साली धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने लावले. घोडा पुढे जाईल तसतसे ते एकामागून एक उघडत गेले. धावताना एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात, हे फोटोत स्पष्ट दिसलं.

मारेला ते फोटो आवडले, पण त्याला आता पक्ष्याचं उड्डाण मोजायचं होतं. आणि पक्षी काही आखलेल्या पट्टीवरून उडत नाही! मग त्याने खगोलशास्त्राकडे पाहिलं. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणासाठी जान्सेनने ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारं यंत्र वापरलं होतं. ती कल्पना पुढे नेत १८८२ साली मारेने ‘छायाचित्र बंदूक’ बनवली. नेम धरायचा, चाप ओढायचा. एका सेकंदात १२ फोटो, प्रत्येकाला प्रकाश फक्त १/७२० सेकंद.

पण सेकंदाला १२ फोटो कमी पडायला लागले. मग त्याने एकाच काचेवर अनेक फोटो घ्यायला सुरुवात केली. तिथे नवी अडचण आली: माणूस हळू चालला की प्रतिमा एकमेकींवर चढायच्या. यावरचा त्याचा उपाय मला फार आवडतो. त्याने माणसाला नखशिखांत काळे कपडे घातले आणि हातापायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या ठेवल्या. काळ्या पार्श्वभूमीवर माणूस दिसेनासा झाला आणि मोजता येतील अशा रेषा उरल्या. प्रश्नाला लागत नाही ती माहिती त्याने सरळ काढून टाकली.

१८८८ साली मारेने फोटोसाठी कागदाची लांब पट्टी वापरली, नंतर सेल्युलॉइडची. एक कॅमेरा, एक भिंग, सरकणारी फिल्म. १८८९ साली एडिसन पॅरिसला आला तेव्हा मारेला भेटला. मग मारे पुढे का गेला नाही?

कारण पुढे जाणं म्हणजे काय, हे त्याच्यासाठी वेगळं होतं. त्याच्या पट्टीला कडेची छिद्रं नव्हती, त्यामुळे दोन चित्रांमधलं अंतर कमी-जास्त व्हायचं. मोजमापात ते सांभाळून घेता येतं. पडद्यावर मात्र चित्र नाचतं. डोळ्याला जे आधीच दिसतं तेच पुन्हा दाखवण्यात त्याला विज्ञान दिसत नव्हतं. १८९४ साली त्याने पडणाऱ्या मांजरीची फिल्म काढली. मांजर धरणाऱ्याच्या हाताला रेटा देऊन वळते, असं अनेकांना वाटे. फिल्ममध्ये दिसलं की सुरुवातीला ती फिरत नसतेच, हवेत असताना वळते. कोनीय संवेगाच्या नियमाला हे कसं बसवायचं, यावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीत वाद रंगला. मारेच्या प्रश्नाच्या दृष्टीने हे पूर्ण यश होतं.

ल्युमिएर बंधूंचा प्रश्न उलटा होता: तोडलेली हालचाल परत जोडून खोलीभर लोकांना एकदम कशी दाखवायची? एडिसनच्या पेटीत एका वेळी एकच माणूस डोकावू शकायचा. ल्युमिएरांनी छिद्रांत आकडा अडकवून फिल्म थांबत-थांबत पुढे नेली, शिलाई मशीनमध्ये कापड सरकतं तशी. त्यांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात पोहोचलासुद्धा.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा वाचा. त्यात निदान तीन प्रश्न दडले आहेत: हालचाल टिपली कशी, फिल्म सरकवली कशी, पडद्यावर जोडली कशी? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. ‘पहिला कोण’ म्हटलं की मारे हरलेला वाटतो. ‘कोण काय शोधत होता’ म्हटलं की चित्र बदलतं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा आपल्या प्रश्नावर हा प्रयोग करून बघा. तो फोडून त्यात किती प्रश्न आहेत ते मोजा, मग त्यातला तुमचा कुठला ते ठरवा. कुठलं उपकरण घ्यायचं आणि कुठली माहिती सोडायची, हे त्यानंतर ठरवणं बरंच सोपं जातं.