परमची बातमी

श्रोतेहो, पाऊस केव्हा येईल हा प्रश्न तुमच्या शिवारातला. पण १९८७ साली तो दिल्ली आणि वॉशिंग्टन यांच्या वाटाघाटींत जाऊन बसला होता. हवामानाची गणिते सोडवायला आपल्या सरकारला अमेरिकेचा 'क्रे' महासंगणक हवा होता. तोच संगणक अणुबाँबची आणि क्षेपणास्त्रांची गणितेही करू शकतो, म्हणून अमेरिका कचरत होती. माल तर तिलाही विकायचाच होता! अखेर मागितला त्याहून कमी ताकदीचा दिला, तोही फक्त हवामानासाठी वापरण्याच्या अटीवर.

पुढची गोष्ट पुण्याची. १९८८ साली इथे 'सी-डॅक' संस्था निघाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. बातमी गाजली ती अशी: अमेरिकेने नाकारले, आपण घरीच केले. ऐकायला गोड, आणि खोटीही नव्हे. पण दिल्लीत क्रे येऊन कामाला लागला होता, हे त्या बातमीत मागे पडले. आणि बरं का, परमच्या पोटातल्या ट्रान्सप्युटर नावाच्या चिपा ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या होत्या!

आपल्या लोकांची खरी करामत निराळी. जड नांगराला आठ बैल जुंपावेत, तशा अनेक लहान चिपा त्यांनी एकाच गणिताला जुंपल्या. हे मथळ्यात मावत नाही. मग ज्याच्या हाती यंत्र त्याने सुरक्षिततेची बाजू सांगितली, ज्याला ते हवे होते त्याने स्वाभिमानाची.

शिक्षकबंधूंनी वर्गात परमची गोष्ट जरूर सांगावी. फक्त पुण्याशेजारी इन्मॉसचे गावही फळ्यावर लिहावे: ब्रिस्टल.