कोनाड्यातला कप

आजीकडे ग्वाल्हेरजवळच्या मुरारच्या दोन गोष्टी होत्या. एक ती अंगणात सांगायची, चार बायका जमल्या की, आवाज चढवून. दुसरी कोठीघरात, तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता.

अंगणातली गोष्ट छत्रीची. तिच्या सासऱ्यांचे वडील मुरारच्या छावणीत कमिसरियटमध्ये, म्हणजे लष्कराच्या रसद खात्यात, कारकून होते. १८५७ च्या जूनमध्ये इथल्याच पलटणी उठल्या, पुढच्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई याच ग्वाल्हेरच्या वेशीवर पडल्या, आणि मग किल्ला आणि मुरार इंग्रजांनी स्वतःच्या हातात ठेवलं. त्या गोऱ्या मुरारमध्ये हे कारकून एकदा ऐन उन्हाळ्यात बाजारात कंदिलाची काच घ्यायला गेले. दोन आणे मोजून दिले, काच अजून फडताळातच होती, तेवढ्यात एक साहेब पायरी चढला. दुकानदाराने डोळ्यांनीच खूण केली. आमचे पूर्वज खाली उतरले. साहेबासमोर देशी माणसाने उघडी छत्री धरायची नाही म्हणून छत्री मिटली आणि उन्हात उभे राहिले. साहेब एकेक टोपी डोक्यावर चढवून आरशात बघत होता. बऱ्याच वेळाने ते तसेच घरी आले. अंगरखा घामाने भिजलेला, काच नाही, दोन आणे दुकानातच.

"छत्री होती हातात, आणि माणूस उन्हात!" असं म्हणून आजी मांडीवर थाप मारायची.

१८८६ साली झाशीच्या बदल्यात किल्ला आणि मुरार शिंद्यांकडे परत आलं. साहेब गेले, बराकी आणि सदर बाजार राहिला. पुढे त्याच बाजारात आजोबांनी चहा-फराळाचं दुकान काढलं. चकली, चिवडा आणि सकाळी पोहे. आम्हाला तिथे सगळे 'दक्षिणी' म्हणायचे आणि दक्षिण्यांच्या चिवड्याला मागणी चांगली होती.

इथून कोठीघरातली गोष्ट सुरू होते.

दुकानाच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असायचा. पांढरा, काठावर निळी रेघ. चामड्याचं काम करणारे, झाडू मारणारे असे लोक आले की तो कप स्वतः उचलायचे. आजोबा वरून, हातभर अंतर राखून, चहा ओतायचे. पिऊन झालं की गिऱ्हाइकानेच कप नळाखाली विसळायचा आणि पुन्हा उपडा घालायचा. पैसे ओट्यावर ठेवायचे. आजोबा त्या नाण्यांवर पाणी शिंपडायचे आणि गल्ल्यात टाकायचे. "पाणी शिंपडलं की पैसा शुद्ध," आजी पुटपुटायची, "माणसावर कितीही शिंपडा." त्या वाक्यात नवऱ्यावरचा राग होता की नुसती हकिकत, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही खात्रीने सांगता येणार नाही.

मुरारमधलाच एक पेन्शनर शिपाई, जातीने जाटव, महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेला. वर्षानुवर्षं तो कोनाड्यातला कप उचलत असे. १९५५ च्या पावसाळ्यात एका सकाळी त्याने कपाला हात लावला नाही. पायरी चढून तो आत बाकावर बसला आणि म्हणाला, "मालिक, चाय. अंदर वाले कप में."

त्याच वर्षी १ जूनपासून अस्पृश्यता अपराध कायदा लागू झाला होता. दुकानात प्रवेश नाकारणं, माल किंवा सेवा नाकारणं हा त्यात गुन्हा होता. उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा, आणि तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर दुकानाचा परवाना जायची भीती. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना आमचा कोनाडा दिसला होता म्हणायचा.

आजोबांनी त्याला थांबायला सांगितलं, पोराला बाजारात पिटाळलं आणि काचेचे डझनभर ग्लास आणवले. त्या दिवसापासून दुकानात सगळ्यांनाच ग्लासमधून चहा. कप बंद. कोणाला नाही म्हटलं नाही आणि आतला कपही दिला नाही. परवाना वाचला. आजोबा बदलले, असं आजी कधीच म्हणाली नाही. "घाबरले," एवढंच म्हणायची.

शाळेत मसूर स्टेशनची हकिकत वाचली तेव्हा मला हा कोनाडा आठवला. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, भाऊ आणि भाचे वडिलांकडे कोरेगावला निघाले होते. ही मुलं महार आहेत म्हटल्यावर स्टेशनबाहेरचा एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं, या अटीवर. खिशात पैसे, समोर रिकामी गाडी, तरी गिऱ्हाईक चालत नाही!

२९ नोव्हेंबर १९४८ ला तोच मुलगा संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ सांगायला उभा राहिला. लाँड्री, दाढीचं सलून हे दुकानात धरायचं का, असा प्रश्न होता. त्यांनी दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा, की सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही ती द्यायला जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. नुसतं आत येऊ देणं पुरेसं नाही, अटी मान्य असतील तर सेवाही द्यावी लागेल. आजच्या पंधराव्या कलमातली दुकानं आणि उपाहारगृहं या अर्थाने वाचायची. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, यांपैकी केवळ कशावरूनही तिथे अडवायचं नाही.

हे सगळं मला पाठ होतं. तरी माझी वेळ आली तेव्हा मी छत्रीच मिटली.

ग्वाल्हेरला १९५७ पासून शारीरिक शिक्षणाची मोठी संस्था आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची. मणिपूरकडची बरीच मुलं तिथे शिकतात. त्यातली एक मुलगी आमच्या मुरारच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायची. तिचे आईवडील पहिल्यांदाच येणार होते, म्हणून तिने एका लॉजमध्ये दोन रात्रींसाठी खोली घेतली आणि अर्धे पैसे आधी भरले. संध्याकाळी तिचा फोन आला, "आंटी, जरा येता का?"

काउंटरवरचा माणूस पासपोर्ट मागत होता. आधार कार्ड समोर पडलेलं. "फॉरेनर को हम नहीं रखते, फॉर्म सी का झंझट." फॉर्म सी परदेशी पाहुण्यांसाठी असायचा, इंफाळच्या माणसाशी त्याचा काय संबंध? मी पुढे झाले आणि म्हणाले, "भैया, हमारे यहाँ रहती है. अच्छे घर की लड़की है." त्याचा चेहरा सैलावला. मुलीचा मात्र घट्ट झाला.

"आंटी, मी चांगल्या घरची आहे की नाही, हे त्याला का सांगायचं?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "माझं कार्ड आहे. पावती आहे."

मग ती त्याच्याकडे वळली. नाव विचारलं, वेळ लिहून घेतली, बुकिंगच्या पावतीचा फोटो काढला आणि म्हणाली, "खोली नाकारताय, तर कारण लिहून द्या." त्याने पेन उचललं, ठेवलं, मॅनेजरला फोन लावला. पाच मिनिटांनी किल्ली काउंटरवर आली. तिचे वडील तोवर बॅगा उचलून बाहेर पडले होते.

त्या रात्री ते आमच्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी तिने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी पैसे परत आले. आले नसते तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तिची तयारी होती. पैसे घेऊन सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात जाता येतं. हे सगळं तिनेच मला समजावलं. पंधराव्या कलमाला स्वतःची शिक्षा नाही, हेही तिला माहीत होतं. जातीवरून अडवलं तर १९५५ चा कायदा आहे, तो आता नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो; अनुसूचित जाती-जमातींसाठी १९८९ चाही आहे. चेहऱ्यावरून अडवलं तर वाट अशी ग्राहक कायद्यातून काढावी लागते. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरमध्ये निदो तानिया हा अरुणाचलचा मुलगा पत्ता विचारायला एका दुकानात गेला. त्याच्या केसांवरून टिंगल झाली, मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर बेझबरुआ समितीने फौजदारी कायद्यात नवी कलमं सुचवली. "तेव्हा मी शाळेत होते," ती म्हणाली, "आईने माझे केस कापले."

लॉजवरून परतलो त्या रात्री जेवणं झाल्यावर तिच्या आईची नजर फडताळातल्या कपाकडे गेली. दुकान विकलं तेव्हा मी तो घरी आणला होता. कान तुटलेला, निळ्या रेघेचा. "हा का जपून ठेवलाय?" असं तिने मुलीकरवी विचारलं.

छत्रीची गोष्ट जिभेवर आली होती. ती सोपी होती, तिच्यात आम्ही उन्हात होतो. मी ती सांगितली नाही. बाहेरच्या खोलीत, दिव्याखाली, पाहुण्यांसमोर मी कपाची गोष्ट सांगितली, नाण्यांवरच्या पाण्यासकट. मुलगी एकेक वाक्य आईला मैतैलोनमध्ये सांगत होती.

आईने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. मुलीने तो मला सांगितला: "त्या शिपायाला शेवटी आतला कप मिळाला का?"

"नाही," मी म्हटलं. "ग्लास मिळाला."