रायफल, पण अधू केलेली : इशापूरची .४१० मस्केट

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीकाठी इशापूरचा सरकारी रायफल कारखाना आहे. इंग्रजी अमदानीत तेथे एक विलक्षण काम चाले : चांगली रायफल मुद्दाम अधू करण्याचे.

मूळ रायफल ली-एन्फिल्ड. .३०३ इंची नळी, दहा काडतुसांचे मॅगझिन, नेमाच्या पट्टीवर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा. रूपांतरात आटे जाऊन नळी .४१० इंचाची गुळगुळीत झाली. मॅगझिनच्या पोकळीत लाकडी ठोकळा बसला. प्रत्येक बारानंतर नवे काडतूस हातानेच भरायचे. काडतूसही आगळेच. .३०३ च्या पितळी कोषाची निमुळती मान नाहीशी करून तो सरळ ठेवलेला. बाजारातील .४१० छऱ्याच्या काडतुसाशी त्याचे नाव जुळते, माप नव्हे.

ही शस्त्रे पोलीस आणि तुरुंगरक्षक यांना मिळाली. दाट वस्तीत मैलभर जाणारी गोळी धोक्याची, हे मान्य. पण मग एकाच बाराची सक्ती कशासाठी?

मूळ १८५७ मध्ये आहे. ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून असंतोष भडकला, तिच्यासारखीच दिसणारी १८५८ च्या नमुन्याची मस्केट नंतर हिंदी पलटणींना देण्यात आली. बाहेरून तीच, आत आटे नाहीत. शेजारच्या गोऱ्या शिपायाच्या नळीत मात्र ते होते. शिपाई उलटलाच, तर त्याचा नेम दूरवर लागू नये, हा हिशेब मला इशापूरच्या त्या लाकडी ठोकळ्यातही दिसतो.

स्वातंत्र्यानंतरही ही .४१० मस्केट पोलिसांच्या शस्त्रागारांत दीर्घकाळ राहिली.