बंदूक थांबली, पण रान कुठे राहिलं? वसईच्या पाखरांचा दीडशे वर्षांचा हिशेब

पोस्ट जरा लांबलीय, पण विषय आपल्या दाराशीच आहे. सवडीने वाचा.

अधूनमधून आपल्या जिल्ह्यातून बातमी येते की अमुक गावात रानडुक्कर, ससा किंवा तित्तर मारताना कुणाला तरी पकडलं. बातमी सगळ्या ग्रुपवर फिरते, लोक चिडतात. चिडायलाच हवं. पण त्याच आठवड्यात कुठेतरी एखाद्या भातखाचरावर डंपरने भराव पडतो. त्या खाचरात वर्षानुवर्षं उतरणारी पाखरं पुढच्या हिवाळ्यात येत नाहीत, आणि त्याची बातमी होत नाही. असं का झालं? शिकार म्हटली की कायदा आठवतो, मग पाखराची जागा गेली तर कुणालाच काही का वाटत नाही? याचं उत्तर इतिहासात आहे.

आधी आपला भूगोल. एव्हरशाईन सिटीतल्या कुठल्याही उंच गच्चीवर जा. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी आणि तिच्या काठची मिठागरं. मधला सखल पट्टा म्हणजे आपण. डोंगरात रानकोंबडा, चकोत्री, मोर. गवतात तित्तर आणि लावा. भाताच्या चिखलात हिवाळ्यात येणारा पाणलावा. खाडीकाठी बदकं, बगळे, तुतवार. परदेशात ज्याला फेजंट म्हणतात, त्याच कुळात आपला मोर, रानकोंबडा, चकोत्री, तित्तर आणि लावा येतात. म्हणजे शिकाऱ्यांच्या जगात सर्वात प्रसिद्ध असलेल्या कुळाची आपली शाखा आपल्याच डोंगरात राहते.

रान कुणाचं?

१८७८ साली इंग्रजांनी वन कायदा केला. राखीव जंगलात लाकूड तोडायचं नाही, गुरं चारायची नाहीत, आणि परवानगीशिवाय शिकार करायची नाही, फास लावायचे नाहीत. तेव्हा आपला वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. वारली, कातकरी, मल्हार कोळी आणि कुणबी शेतकऱ्यांचा सगळा संसार या रानावर चालायचा. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, तर फांद्या आणि पालापाचोळा लागतो. तोच गुन्हा ठरला. ओरड एवढी झाली की ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

शिकारीचं गणितही तेच होतं. साहेबाकडे बंदूक, परवाना आणि सुट्टीचा दिवस असायचा. त्याची ती ‘शिकार’. वारल्याने पोटासाठी फासात लावा धरला, तर ती चोरी. सार्वजनिक म्हणवलेली जमीन खरं तर सरकारची झाली होती आणि तिच्यावर कुणी काय मारायचं ते सरकार ठरवत होतं. हा भेद पुढच्या प्रत्येक कायद्यात थोडा थोडा शिल्लक राहिला.

शिकारीच राखणदार झाले

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण एकत्र आले आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत दोन आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक, आणि सखाराम अर्जुन म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. बाकीच्या साहेबांत एक होता एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन. हा माणूस मीठ आणि जकात खात्यात नोकरीला होता. मिठागरांच्या नोकरीत राहून त्याने पाखरांवर आणि किड्यामुंग्यांवर इतकं सुरेख लिहिलं की लोक त्याचं लिखाण आजही वाचतात. मिठागर म्हणजे ओसाड जागा, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या संस्थेचे सुरुवातीचे बरेच सदस्य शिकारी होते. मारलेलं पाखरू मोजायचं, कातडं जपून ठेवायचं, कुठे कधी मिळालं ते लिहायचं, अशी त्यांची रीत होती. लहानग्या सलीम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला ते १९०८ मध्ये याच संस्थेत गेले, ही गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे.

ज्यांनी मारली, त्यांनाच आधी कळलं की पाखरं कमी होतायत. १८८७ मध्ये पहिला पक्षी कायदा आला. विणीच्या हंगामात मारलेली ठरावीक पाखरं नगरपालिका आणि छावणीच्या हद्दीत विकायची किंवा बाळगायची नाहीत, एवढाच त्याचा आवाका होता. बाजारावर बंदी आली, रान मोकळंच राहिलं. मग पिसांचा धंदा आला. रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळसर ठिपके असतात. विलायतेत सामन मासा गळाला लावायला ही पिसं वापरत, आणि बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची पिसं जात. १९०२ मध्ये सरकारने पिसांची आणि कातड्यांची निर्यात बंद केली. १९१२ मध्ये मोठा कायदा झाला. त्याच्या यादीत रानकोंबडा, चकोत्री, तित्तर, लावा, मोर, फेजंट, बदकं सगळे होते. प्रांतिक सरकारने ‘बंद काळ’ जाहीर करायचा आणि त्या काळात मारलं तर दंड. पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये!

थोडी गंमत सांगतो. बंदुकीच्या नेमबाजाला इंग्रजीत स्नायपर म्हणतात, तो शब्द स्नाईप, म्हणजे आपल्या पाणलाव्यावरून आला. वेडीवाकडी झेप घेणारं हे पाखरू उडताना टिपणं फार अवघड. हिंदुस्थानातल्या इंग्रज सैनिकांनी अठराव्या शतकातच हा शब्द रूढ केला. आणि पाणलावा कुठे मिळतो? भाताच्या ओल्या खाचरात.

१९५१, १९७२, १९९१

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षण कायदा केला. तो घडवण्यात हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा. ते स्वतः शिकारीही होते आणि पक्षीतज्ज्ञही. खाडीपलीकडच्या साष्टी बेटाच्या पाखरांवर त्यांनी सलीम अलींबरोबर सविस्तर लिहिलं आहे. या कायद्याने शिकारीचे परवाने शिस्तीत आणले आणि राज्यासाठी सल्लागार मंडळ नेमलं.

१९६३ मध्ये मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२ मध्ये देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुष्कळांना वाटतं की त्याच दिवशी शिकार बंद झाली. तसं नाही. १९७२ च्या कायद्यात परवान्याने शिकार करायची सोय होती, ‘छोट्या शिकारी’चा वेगळा परवाना होता. ती सगळी कलमं १९९१ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे आपल्या भागात इमारतींचे पाये खोदले जात होते, जवळपास त्याच काळात देशातली परवान्याची शिकार संपली.

निर्णय योग्यच होता. पण एक गोष्ट निसटली. परवाना होता तोवर कुठल्या रानात काय शिल्लक आहे, याची कुणाला तरी फिकीर करावी लागायची, कारण तिथे पाखरं नसतील तर परवान्याला अर्थ नव्हता. शिकार गेली तशी ती फिकीरही गेली. अभयारण्याबाहेर पाखरांच्या जागेची निगा राखायचं काम कुणाकडेच राहिलं नाही.

जी जागा वाचली, ती कशी वाचली?

मुरुडजवळचं फणसाड हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. तानसाचं जंगल मुंबईच्या पाण्यासाठी राखलं गेलं आणि १९७० मध्ये अभयारण्य झालं. आपलं तुंगारेश्वर २००३ मध्ये जाहीर झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा यांना जोडणारा हा दुवा. २०१९ मध्ये त्याच्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रही जाहीर झालं. म्हणजे डोंगराला निदान कागदावर तरी राखणदार मिळाला.

आणि सखल पट्टा? १९९० मध्ये वसई-विरारचं नियोजन सिडकोकडे गेलं. पाणी आणि हिरवळ वाचावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. तिचा जोर पश्चिमेच्या वाड्या आणि विहिरींवर होता. पूर्वेच्या खाचरांसाठी आणि गवतासाठी तेवढा मोठा आवाज उठला नाही. मग आपली घरं झाली. इथे राहणाऱ्यांचा काही दोष नाही, मुंबईत जागा परवडत नव्हती म्हणून माणसं आली. पण या पट्ट्यावर काय होतं याची नोंद कुणी ठेवली नाही.

आता कायद्याची एक खाच बघा. पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळली आहे. मिठासाठी केलेल्या रचना वगळल्या आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलावही वगळले आहेत. वसईच्या सखल पट्ट्यात याशिवाय आहे काय? कांदळवनाला उच्च न्यायालयाच्या आदेशांचं कवच आहे, डोंगराला अभयारण्याचं. मधलं खाचर आणि मिठागर मात्र या नियमांच्या हिशेबात पाणथळच नाही.

गंमत अशी की पाखरांची सगळ्यात चांगली निगा इथेच राखली जात होती, नकळत. मिठागराचा कामगार कोंड्यांत चार-सहा इंच पाणी ठेवतो. तुतवारांच्या पायांना तेवढंच लागतं. भाताचा शेतकरी कापणीनंतर ओल ठेवतो, पाणलावा तिथे चोच खुपसून किडे शोधतो. मीठ पिकवणं थांबलं आणि शेती पडीक राहिली की ही निगा संपते, आणि पुढचा नंबर भरावाचा असतो. जुलै २०१८ मध्ये मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढा घातला होता आणि आपल्या गल्ल्या तुंबल्या होत्या, ते आठवा. पाखराची जागा आणि पावसाच्या पाण्याची जागा एकच असते.

अमेरिकेकडून काय घ्यायचं?

अमेरिकेत फेजंट मूळचा नाहीच. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून नेऊन ओरेगॉनमध्ये सोडला. आज तिथे सार्वजनिक जमिनीवर लोक त्याची शिकार करतात. १९३७ पासून बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांकडे वन्यजीवांसाठी जातो. १९८५ पासून सरकार शेतकऱ्यांना पैसे देतं, शेताचा काही भाग दहा-पंधरा वर्षं गवताखाली ठेवायला. गवत वाढलं, फेजंट वाढले. पुढे मक्याचे भाव चढले, गवत नांगरलं गेलं, फेजंट घटले. बंदुका तेवढ्याच होत्या, कमी झालं ते गवत.

आपल्याला बंदूक परत नकोच. घ्यायचं ते एवढंच, की गवत राखणाऱ्याला पैसे मिळाले पाहिजेत. आपल्याकडे खाचर तसंच ठेवणाऱ्या शेतकऱ्याला त्यासाठी एक रुपया मिळत नाही, भरावाला जमीन देणाऱ्याला मात्र मिळतो. मग तो काय करेल?

आपण काय करू शकतो?

एक. फेब्रुवारी ते मे हा रानकोंबड्याचा विणीचा काळ, आणि तोच वणव्यांचा काळ. त्याचं घरटं जमिनीवर असतं. एका वणव्यात अख्ख्या उताराची अंडी जातात. तुंगारेश्वरला जाताना सिगारेट, चूल, प्रसादाचा जाळ काही नको. वणवा दिसला तर लगेच वनखात्याला कळवा. जाळरेषा वेळेत काढल्या का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

दोन. मोकळं गवत दिसलं की झाडं लावायची घाई करू नका. लावा आणि तित्तर गवतात राहतात. तिथे रोपांची रांग लावून फोटो काढला तर त्यांचं घर मोडतं.

तीन. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा की अमुक सर्व्हे नंबर पावसाळ्यात पाण्याखाली असतो आणि हिवाळ्यात तिथे पाखरं उतरतात. पाणथळीवर भराव दिसला तर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तक्रार निवारण समितीकडे तारखेसह फोटो पाठवा.

चार. फासात लावा धरणाऱ्या आदिवासीवर चिडण्याआधी एक प्रश्न विचारा. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांतल्या पोरांना आपण पक्षी दाखवणारे वाटाडे म्हणून किती वेळा पैसे दिले? रान त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. १८७८ पासून त्यांना गुन्हेगार ठरवून बघितलंय, एकदा राखणदार नेमून बघू.

१८८७ पासून १९९१ पर्यंत शंभराहून जास्त वर्षं लागली, तेव्हा कुठे कायद्याने पाखराला गोळीपासून वाचवलं. त्याच्या जागेसाठी एवढा वेळ आपल्याकडे नाही, कारण खाचर भरायला दोन रात्री आणि चाळीस डंपर पुरतात.

गोखिवरे, आचोळे, सातिवली, राजावलीच्या जुन्या मंडळींनो, इथे कुठल्या शेतात कुठलं पाखरू यायचं ते नक्की लिहा. निदान यापुढे तरी नोंद नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.