प्लेस्टेशन ५ प्रो

प्लेस्टेशन ५ प्रो (संक्षेपाने पीएस५ प्रो) हा सोनी इंटरॅक्टिव्ह एंटरटेनमेंट या कंपनीचा व्हिडिओ गेम कन्सोल असून, २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ ची ती अधिक सामर्थ्याची व अधिक महाग आवृत्ती आहे. त्याची घोषणा १० सप्टेंबर २०२४ रोजी प्रमुख रचनाकार मार्क सर्नी यांनी केली आणि ७ नोव्हेंबर २०२४ पासून तो विक्रीस आला. अमेरिकेत त्याची आरंभीची किंमत ६९९.९९ डॉलर होती. चलनवाढ हिशेबात घेतली नाही, तर प्लेस्टेशनच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी आरंभीची किंमत होय. घेतली तर २००६ चा ५९९ डॉलरचा प्लेस्टेशन ३ आजही अधिक महाग ठरतो. या कन्सोलसंबंधीची बहुतेक चर्चा त्याच्या क्षमतेपेक्षा ‘एवढ्या पैशांत नेमके मिळते काय?’ या प्रश्नाभोवतीच झाली आहे.

पार्श्वभूमी

कन्सोलच्या व्यवसायात एका यंत्राच्या साधारण सहा-सात वर्षांच्या आयुष्याला ‘पिढी’ म्हणतात. (घराण्याच्या पिढीशी तुलना करता ती फारच अल्पायुषी आहे, पण शब्द रूढ झाला आहे.) पिढी चालू असतानाच त्याच यंत्राची अधिक शक्तिमान आवृत्ती काढण्याची प्रथा सोनीने १० नोव्हेंबर २०१६ रोजी प्लेस्टेशन ४ प्रो आणून दृढ केली. वर्षभराने, ७ नोव्हेंबर २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एक्स आला. पिढीच्या मध्यावर उत्तम चित्राची आवड असलेले खेळाडू संगणकाकडे वळू लागतात आणि त्यांना थोपवणे हा प्रो आवृत्तीमागील एक हेतू होता, असे सोनीचे तत्कालीन अधिकारी अँड्र्यू हाऊस यांनी सांगितले होते. २०१७ मध्ये विकल्या जाणाऱ्या दर पाच प्लेस्टेशन ४ पैकी एक प्रो असल्याचे कंपनीने कळवले होते. म्हणजे हा मार्ग प्रथमपासूनच अल्पसंख्य ग्राहकांचा होता.

तथापि दोन प्रो आवृत्त्यांत एक मूलभूत फरक आहे. प्लेस्टेशन ४ प्रोची किंमत ३९९ डॉलर होती आणि २०१३ मध्ये मूळ प्लेस्टेशन ४ नेमका याच किमतीला आला होता. तीन वर्षे थांबलेल्या ग्राहकाला त्याच पैशांत दुपटीहून अधिक क्षमता मिळाली. प्लेस्टेशन ५ च्या बाबतीत असे घडले नाही. मूळ यंत्र चार वर्षांनंतरही स्वस्त झाले नव्हते; डिस्क ड्राइव्ह नसलेली त्याची आवृत्ती तर अमेरिकेत ३९९.९९ वरून ४४९.९९ डॉलरवर गेली होती. अशा वेळी वरची पायरी आणखी उंच ठेवली गेल्यामुळे घोषणेनंतर नाराजी उमटली.

तांत्रिक स्वरूप

मूळ प्लेस्टेशन ५ मधील ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये ३६ गणनाघटक आहेत, प्रोमध्ये ६० आहेत. गणनक्षमता १०.२८ वरून १६.७ टेराफ्लॉपवर गेली, तर मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ वरून ५७६ गिगाबाइट झाला. गणनाघटक व गणनक्षमता यांचे आकडे साठ-सदुसष्ट टक्के वाढ दाखवत असले, तरी चित्रनिर्मितीचा प्रत्यक्ष वेग सुमारे ४५ टक्क्यांपर्यंतच वाढतो, असे खुद्द सोनीचेच सांगणे आहे. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांच्या मार्गाचे गणित करून प्रतिबिंबे व छाया काढण्याची पद्धत, दोन ते तीन पट वेगाने होते. साठवण १ ऐवजी २ टेराबाइट असून वाय-फाय ७ ची सोय आहे.

मुख्य प्रोसेसर मात्र जवळजवळ जुनाच आहे. त्याचा वेग गरजेनुसार ३.५ वरून ३.८५ गिगाहर्ट्झपर्यंत नेता येतो, एवढीच काय ती भर. ही बाब जाहिरातीत ठळक नसते, पण खरेदीदाराने ती प्रथम पाहावी. गर्दीची हालचाल, पात्रांचे वर्तन, वस्तूंची टक्कर यांचे गणित मुख्य प्रोसेसर करतो. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ सारख्या खेळात वस्तीत शिरताच गती मंदावते, ती याच गणिताच्या भारामुळे. तेथे चित्र काढणारा भाग कितीही बलवान केला तरी अडचण पूर्णपणे सुटत नाही.

चित्र आणि गती यांतील निवड

प्रोचे खरे प्रयोजन समजण्यासाठी प्लेस्टेशन ५ वरील एक नेहमीचा पेच ध्यानात घ्यावा लागतो. अनेक खेळ सुरू करताना खेळाडूला दोन पर्याय दिले जातात. पहिल्यात चित्र अधिक रेखीव, पण सेकंदाला ३० चौकटी. दुसऱ्यात चित्र काहीसे पुसट, पण ६० चौकटी. ३० चौकटींत प्रत्येक चित्रासाठी यंत्राला सुमारे ३३ सहस्रांश सेकंद मिळतात, ६० मध्ये त्याच्या निम्मे. बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतील अंतर या वेळेशी निगडित असल्याने गतीचा पर्याय हाताला अधिक चपळ वाटतो. खेळाडू सुमारे तीन-चतुर्थांश वेळा गतीच निवडतात, असे सर्नी यांनी घोषणेच्या वेळी सांगितले. प्रो हा पेच बऱ्याच अंशी मिटवतो: रेखीव चित्राच्या जवळ जाणारे दृश्य ६० चौकटींच्या गतीने. ज्याला हा पेच कधी जाणवलाच नाही, त्याला प्रोमध्ये विकत घेण्यासारखे फारसे काही नाही.

हे साध्य करण्यासाठी प्लेस्टेशन स्पेक्ट्रल सुपर रिझोल्युशन (पीएसएसआर) हे तंत्र योजले आहे. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. यंत्र प्रत्यक्षात बरेच कमी, उदाहरणार्थ १४४० रेषांच्या चित्रात असतात तसे सुमारे ३७ लाख बिंदू काढते आणि यांत्रिक शिक्षणावर आधारित हे तंत्र उरलेला तपशील भरून काढते. ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’ हे त्याचे यशस्वी उदाहरण होय. मूळ यंत्रावर गतीच्या पर्यायात धूसर दिसणारा हा खेळ प्रोवर स्पष्ट झाला. याउलट ‘सायलेंट हिल २’ च्या नव्या आवृत्तीत व ‘स्टार वॉर्स जेडाय: सर्व्हायव्हर’ मध्ये आरंभी चित्रात थरथर व कणीदारपणा दिसल्याने टीका झाली. विशेष म्हणजे प्रोवरील ज्या सुधारणेची मोठी प्रशंसा झाली, त्या ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ मध्ये पीएसएसआर वापरलेलेच नाही. गरिला या स्टुडिओने स्वतःची पद्धत वापरली. यावरून यंत्रापेक्षा खेळ घडवणाऱ्यांची मेहनत किती निर्णायक असते, ते कळते.

विक्री सुरू होताना ५० हून अधिक खेळांना प्रोसाठी खास सुधारणा मिळाल्या होत्या. केवळ प्रोवरच चालेल असा खेळ मात्र नाही. प्रत्येक खेळ मूळ यंत्रावरही चालतो.

किमतीचा हिशेब

६९९.९९ डॉलरमध्ये डिस्क ड्राइव्ह येत नव्हता. तो वेगळा घ्यावा लागतो व त्याची किंमत ७९.९९ डॉलर होती. यंत्र उभे ठेवण्यासाठीची बैठक २९.९९ डॉलरची होती. त्यामुळे प्रोची तुलना डिस्क असलेल्या ४९९.९९ डॉलरच्या यंत्राशी करून फरक २०० डॉलर मानणे चुकीचे ठरत होते. डिस्कसह प्रो ७७९.९८ डॉलरला पडत होता, म्हणजे फरक २८० डॉलरचा होता. डिस्कविरहित दोन्ही यंत्रांची तुलना केल्यास फरक २५० डॉलर येत होता. मात्र त्यात एक टेराबाइट अधिक साठवण मिळते, हेही मान्य केले पाहिजे. डिस्कची बाब क्षुल्लक नाही. डिस्क जुनी घेता येते, खेळून झाल्यावर विकता येते, मित्राला देता येते. डिजिटल प्रतीचे यांपैकी काहीही करता येत नाही. घोषणेनंतर सुट्या ड्राइव्हचा अनेक ठिकाणी तुटवडा पडला, यावरून ग्राहकांनाही हे उमगले असावे.

२१ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेत सर्व प्लेस्टेशन ५ आवृत्त्यांची किंमत ५० डॉलरने वाढली आणि प्रो ७४९.९९ डॉलरचा झाला.

४के दूरचित्रवाणी संच आधीपासून असेल, पडदा मोठा व आसन जवळ असेल आणि नवे, दृश्यप्रधान खेळ नियमित खेळले जात असतील, तर वाढीव किमतीचा मोबदला दिसतो. १०८० रेषांच्या जुन्या संचावर लाभ पुष्कळसा वाया जातो. अशा घरात तेच पैसे प्रथम चांगल्या संचावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे. पहिल्यांदाच प्लेस्टेशन ५ घेणाऱ्याची स्थिती निराळी आहे, कारण त्याला केवळ वरचा फरक भरायचा असतो. मूळ यंत्र असलेल्याला मात्र जुने विकून येणारी रक्कम वजा जाता उरलेला सर्व खर्च केवळ चित्राच्या सुधारणेसाठी करावा लागतो.

भारतातील स्थिती

मूळ प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आला आणि त्याची सडपातळ आवृत्ती ५ एप्रिल २०२४ रोजी ५४,९९० रुपयांना. प्रोच्या आरंभीच्या विक्रीतून मात्र भारत वगळला गेला. वाय-फाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा लहरपट्टा ज्या देशांत खुला झालेला नाही, तेथे प्रो उपलब्ध होणार नाही, असे कंपनीने भारताचा उल्लेख करून स्पष्ट केले. एका बिनतारी सुविधेपायी संपूर्ण यंत्र अडावे, ही गोष्ट चमत्कारिकच म्हणावी लागेल, कारण खेळांच्या चित्राशी त्या लहरपट्ट्याचा काही संबंध नाही. या पट्ट्याचा ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा भाग परवान्याविना वापरू देण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला.

अधिकृत विक्री नसताना यंत्र परदेशस्थ नातेवाइकांमार्फत किंवा आयात करणाऱ्या दुकानदारांकडून मिळवणे हाच मार्ग उरला. अशा खरेदीत सीमाशुल्क व दुकानदाराचा नफा मिळून किंमत आणखी चढते आणि बिघाड झाल्यास देशांतर्गत हमीचा आधार नसतो.